पाठ नको, वाचा!

माणूस भेटला की आपण त्याचा चेहरा बघतो. आमचे सर थेट बुबुळं बघायचे. नमस्काराच्या आधी, नाव विचारायच्या आधी, रस्त्यात, एस्टीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. समोरचा बोलत असला की यांची मान जराशी तिरकी व्हायची आणि मध्येच ते म्हणायचे, "उजवा जरा दमलाय हो तुमचा." ओळख ना पाळख, तो बिचारा दचकून उजव्या डोळ्यावर हात ठेवायचा. मग सर बुशशर्टाच्या खिशातून पेनाएवढी बॅटरी काढायचे. एकदा ती बॅटरी बाहेर आली की त्या माणसाची गाडी चुकली असं खुशाल समजावं.

नाशकात द्वारकेला त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान कसलं, बोळच तो. रुंदीला दोन माणसं दाटीवाटीनं जातील एवढा आणि लांबीला मात्र चांगला वीस-बावीस फूट. लोक म्हणायचे, कशाला घेतली ही नळी? सर म्हणायचे, "मला वीस फूट सरळ पाहिजे होते, रुंदी घेऊन काय करू? इथं काय लग्न लावायचंय?" आतल्या टोकाला अक्षरांचा फळा, दारापाशी पेशंटची खुर्ची आणि एका भिंतीला लागून लांब बाकडं. मध्ये सर, सतत चालते. त्यांचा एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर आणि एक दोरीनं गळ्यात. कपाळावरचा चष्मा ते दिवसातून एकदा तरी हरवायचे आणि तो शोधायला गळ्यातला लावायचे.

मी तिथे कामाला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि स्वतःच्या नजरेवर माझा फार विश्वास होता. मुलाखत अशी झाली की सरांनी मला दारात उभं केलं आणि विचारलं, "समोरून येतेय ती एस्टी कुठली?" मी म्हटलं, "पेठ." ते म्हणाले, "ड्रायव्हरच्या खिशाला पेन आहे का?" मी म्हटलं, "दोन आहेत." सर इतके खूश झाले की पगाराचं बोलायचंच राहिलं. ते मला दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारावं लागलं.

आता त्या फळ्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं.

आधी सरांकडेही सगळ्यांकडे असतो तसा छापील तक्ता होता. पण बाकडं होतं खुर्चीच्या जवळच. खुर्चीतला माणूस मोठ्यानं वाचायचा आणि बाकड्यावरचे पाच-सहा जण ऐकत बसायचे. आपला नंबर येईपर्यंत सगळ्यांचं पाठ. तपासायला आलो आहोत म्हणजे परीक्षाच आहे आणि परीक्षेत नापास होणं बरं दिसत नाही, अशी लोकांची समजूत. एकदा एक हेडमास्तर आले आणि खुर्चीवर बसता बसताच अथपासून इतिपर्यंत तक्ता म्हणून मोकळे झाले. अजून डोळ्यावरचा हात काढला नव्हता, तोही दोन्ही डोळ्यांवरचा!

त्या दिवशी सरांनी तक्ता फाडला. पत्र्याचे चौकोन कापून आणले, काळ्या रंगानं त्यांच्यावर स्वतः अक्षरं काढली, लहान-मोठी, मापात, कंपासनं आखून. फळ्यावर ओळीनं खिळे ठोकले. रोज सकाळी साडेनऊला डब्यात हात घालायचा, येईल ती पाटी अडकवायची आणि आजचा तक्ता तयार. हे काम माझं. शेवटच्या ओळीत पाच सगळ्यात बारीक पाट्या. त्यातली चौथी नेहमी तिरकी बसायची. मी रोज बोटानं सरळ करायचे, ती रोज पुन्हा तिरकी व्हायची.

आणि पेशंट बसला की सरांचा पहिला हुकूम ठरलेला. "पाठ नको, वाचा! दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. त्यात लाज कसली? ज्याला 'दिसत नाही' म्हणता आलं त्याचं निम्मं काम झालं."

ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी सरांकडे एक परात होती. परातीत तांदूळ, तांदळात मोजून सात खडे. मळ्यातल्या बायका यायच्या, भाजी-फुलं विकून परत जाताना टेकायच्या. भिंगं बदलता बदलता सर म्हणायचे, "निवडा." सातवा खडा निघाला की सर टाळी वाजवून ओरडायचे, "सापडला!" खडा नव्हे, नंबर. मग त्या बाईला नवी भिंगं लावून, हाताला धरून फुटपाथवर न्यायचं आणि म्हणायचं, "सांगा आता काय दिसतंय. सावकाश, घाई नाही." हा त्यांचा दिवसातला सगळ्यात आनंदाचा क्षण. दहावा पेशंट असो की पन्नासावा, सर असे उत्सुक की जणू जगातला पहिलाच चष्मा यांनी शोधून काढलाय.

मखमलाबादकडची एक झेंडूवाली होती. तिला असंच बाहेर नेलं. तिनं ट्रक पाहिले, पलीकडच्या हॉटेलातला भजी तळणारा पाहिला, मग खाली आपल्या टोपलीत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बया! माझ्या फुलास्नी लय मावा पडलाय की! आन मी हे लोकायला देवाला घाला म्हून इकते?" सर हसून हसून भिंतीला टेकले. ती बाई पुढे दर शनिवारी यायची. चष्म्याचं काही काम नसायचं. सरांना एक हार द्यायची आणि सांगायची, "बघा, एक किडा दावा."

त्यांचा राग मात्र तसाच जबर. कुणी सांगितलं की डोळ्यात मध घातला, एरंडेल घातलं, शेजारणीला लागू पडलं म्हणून तिचंच औषध घातलं, की सर लाल व्हायचे. "शेजारणीची चप्पल घालून बघा पायात येते का, आणि औषध मात्र तिचं चालतं?" ती बाटली ते हिसकावून घ्यायचे. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यावर रंगानं लिहिलेलं, 'जप्त'. त्यात अशा बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या होत्या.

रविवारी ते एस्टीनं पेठकडच्या पाड्यांवर डोळे तपासायला जायचे. एकदा मीही गेले. तिथे दोन म्हातारे भाऊ आले आणि दोघांत मिळून एकच चष्मा. सकाळी थोरल्याकडे, दुपारनंतर धाकट्याकडे, अशी वाटणी. शेताचीही झाली नसेल इतकी शहाणपणाची. सरांनी तपासलं तर थोरल्याला लांबचं दिसत नव्हतं आणि धाकट्याला जवळचं, आणि चष्मा थोरल्याच्या नंबरचा. म्हणजे धाकटा वीस वर्षं रोज अर्धा दिवस स्वतःला आंधळा करून घेत होता, आणि तेही आपल्या हक्काचं म्हणून! सरांनी त्याला वेगळा चष्मा दिला तर तो रुसला. थोरल्याशी वाटणी मोडली म्हणून.

लग्नात तर त्यांना बोलावू नये. ते आहेराच्या पाकिटात नेत्रदानाचा फॉर्म घालून द्यायचे. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात भटजींनी हात लांब करून पोथी धरली, ते यांनी पाहिलं. झालं. अंतरपाट धरलेला, वधू-वर उभे, आणि हे मधून वाट काढत गेले आणि गळ्यातला चष्मा भटजींच्या नाकावर ठेवून आले. भटजींनी पोथी जवळ घेतली, पान उलटलं आणि म्हणाले, "अरेच्चा! इथे असं आहे होय!" इतकी वर्षं लोकांची लग्नं कशी लावली होती, देव जाणे. टिकली म्हणायची.

पुढे दोन हजार सालानंतर काचेच्या मोठ्या मोठ्या दुकानांनी डोळे तपासायचं यंत्र आणलं. हनुवटी टेका, आत बघा, चिठ्ठी बाहेर. मला वाटलं सर चिडतील. कसले चिडतात! ते गिऱ्हाईक म्हणून गेले, तीनदा हनुवटी टेकली, नाचतच परत आले आणि मला म्हणाले, "काय अफाट गोष्ट आहे गं! तू शीक हे." मी शिकले. रीतसर कोर्स केला, आज माझं स्वतःचं दुकान आहे. सर बोळ विकून पेठला राहायला गेले आणि शेवटपर्यंत तिथेच लोकांची बुबुळं बघत राहिले. पण मला आठवतात ते द्वारकेचे सर, आणि त्यातही दोन सकाळी. पहिली सकाळ आठवली की अजून कानशिलं तापतात.

माझे वडील, अण्णा, शाळेच्या मुलांची मेटॅडोर चालवायचे. भावाकडे मळा ठेवून त्यांनी ती गाडी घेतली होती. अठरा मुलं सकाळी घरून शाळेत आणि संध्याकाळी शाळेतून घरी. अण्णांचा त्या गाडीवर आणि मुलांवर फार जीव. तर एका वर्षी शाळेनं सांगितलं की सगळ्या ड्रायव्हरांनी डोळे तपासून चिठ्ठी आणायची, नाहीतर गाडी बंद.

त्या रात्री आई झोपायला गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "पोरी, मला जरा धुरकट दिसतंय. सकाळचं ऊन समोरून आलं का कायबी कळत नाय."

मी विचारलं, "कधीपासून?"

"झालं वरीसभर."

मी सरांकडे काम करत होते. रोज लोकांना मोतीबिंदूची माहिती सांगत होते. आणि माझ्याच घरात एक माणूस वर्षभर धुरातून गाडी हाकत होता आणि मला पत्ता नव्हता. पण तेव्हा मला हे सुचलं नाही. मला सुचलं ते एवढंच, की गाडी बंद पडली तर अण्णा खचतील. त्यांच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला दिवसच्या दिवस निजवलेलं, आणि एवढं करून तो डोळा गेलाच. ऑपरेशन म्हटलं की अण्णा उठून निघून जायचे. त्या रात्रीही 'मोतीबिंदू आसंल तर पिकू दे, मग बघू' म्हणत उठले.

मग मी ते केलं. शनिवारी अण्णा येणार होते. सकाळी भाकरी खाता खाता मी त्यांना शेवटची ओळ सांगितली. ट, म, ल, घ, ण. वरच्या मोठ्या ओळी कशाबशा दिसतील, प्रश्न खालचा होता. अण्णा गाडी पुसताना घोकत होते, ट, म, ल, घ, ण. दुकानात जाऊन मी डब्यातून त्याच पाच पाट्या काढल्या आणि अडकवल्या. चौथी तिरकी झाली, ती सरळ केली. मग चहा सांगायला पलीकडे गेले.

अण्णा आले. बाकड्यावर चार-पाच जण होते, त्यात आमची झेंडूवालीही. सरांनी अण्णांना मानानं खुर्चीत बसवलं. "पाठ नको, वाचा," म्हणाले. अण्णांनी डावा डोळा झाकला. पहिली ओळ वाचली. दुसरी थांबत थांबत. तिसरीला घाम आला. चौथीत दोन अक्षरं चुकली. आणि मग शेवटच्या ओळीला अण्णांचा आवाज एकदम खणखणीत झाला. "ट, म, ल, घ, ण!"

मी फळ्याकडे पाहिलं. शेवटच्या ओळीत होतं ग, र, फ, क, ब.

"अवो दादा," बाकड्यावर बसून बसून चार अक्षरं शिकलेली झेंडूवाली हळूच म्हणाली, "पयलाच ग हाय ना तिथं."

सर माझ्याकडे बघत नव्हते. ते अण्णांच्या डोळ्यांत बघत होते. "पाठांतर फक्कड आहे तुमचं," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. मग त्यांनी अण्णांचा हात धरला आणि रोज सगळ्यांना नेतात तसं फुटपाथवर नेलं. "ती समोरून येतेय ती गाडी कुठली?"

अण्णांनी डोळे बारीक केले. "मालेगाव एस्टी."

ती एस्टी नव्हतीच. पाण्याचा टँकर होता.

सरांनी ते सांगितलं मात्र, अण्णा पायरीवर बसले. सरही शेजारी बसले, रस्त्याची धूळ बुशशर्टावर घेत. विचारलं, "गाडीत किती मुलं?"

"अठरा."

"नावं सांगा बरं."

अण्णा एकेक नाव सांगू लागले. कोण कुठे चढतं, कोणाला खिडकी लागते, कोण डबा विसरतो. सातव्या-आठव्या नावाला त्यांचा आवाज फुटला. खिशातून त्यांनी गाडीची किल्ली काढली आणि मागितली नसताना सरांच्या हातात ठेवली. "मला दिसत नाय, साहेब," ते म्हणाले. माझ्या वडिलांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि ते माझ्यामुळे चारचौघांत रडले.

मी आत जाऊन पर्स उचलली. उद्यापासून येत नाही, असं म्हणायला गेले तर आधी तोंडातून निघालं, "सर, तुम्हाला कळलं कसं?"

"रोज तू डब्यात हात घालतेस आणि येईल ती पाटी लावतेस," सर म्हणाले. "आज निवडून काढल्यास, म्हणून तू चहा सांगायला गेल्यावर मी त्या बदलल्या. डोळा खोटं बोलत नाही गं, माणूस बोलतो. सोमवारी साडेनऊला ये. पाट्या मात्र डोळे मिटून लाव."

एवढंच. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. बाकी मात्र जी धावपळ केली ती विचारू नका. अण्णांच्या जागी गाडी चालवायला माझा चुलतभाऊ आला, तर किल्ली द्यायच्या आधी सरांनी त्याचे डोळे तपासले. मग म्हणाले, ड्रायव्हरचे तपासले तर मुलांचे का नको? अठराच्या अठरा मुलं दुकानात! दुसरीतला एक मुलगा शाळेत 'ढ' म्हणून मागे बसायचा. त्याला फळाच दिसत नव्हता. चष्मा लावून फुटपाथवर नेला तर त्यानं द्वारकेच्या सगळ्या दुकानांच्या पाट्या ओरडून वाचल्या. सर त्याच्या मागे मागे, "शाबास! पुढची!" करत.

आणि रोज संध्याकाळी सर आमच्या घरी. अण्णांची भीती काढायला. एकदा त्यांनी तळहातावर एक चीज आणली. मसुराएवढं भिंग आणि त्याला केसासारख्या दोन मिशा. "हे बघा! गढूळ भिंग काढायचं आणि हे आत बसवायचं. पिकायची वाट बघायला तो काय आंबा आहे? वाळूच्या पिशव्या गेल्या, आता दुसऱ्या दिवशी माणूस घरी येतो!" अण्णांनी ते भिंग बराच वेळ बोटावर धरलं. म्हणाले, "एवढुसं?" आणि चौथ्या संध्याकाळी म्हणाले, "चला."

आधी उजवा, मग दोनेक महिन्यांनी डावा. दोन्ही वेळा सर दवाखान्याच्या बाकड्यावर, आमच्यापेक्षा जास्त घाबरलेले. डाव्या डोळ्याची जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता नंबर काढून घ्या.

ती दुसरी सकाळ. त्या दिवशी सरांनी मला फळ्याला हात लावू दिला नाही. बाहेर उभं केलं, दार ओढून घेतलं आणि स्वतः पाट्या लावल्या. झेंडूवाली मुद्दाम आली होती, हार घेऊन. अण्णा बसले. सरांनी भिंगं चढवली. "पाठ नको, वाचा."

अण्णांनी वाचलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. एकही चूक नाही. मी खुर्चीमागे उभी होते आणि मला फळ्याकडे बघायचं धैर्य नव्हतं. मी अण्णांच्या मानेकडे बघत होते. "आता शेवटची," सर म्हणाले.

अण्णांनी भिंगं नाकावर नीट बसवली.

"वाचा ना."

अण्णा पुढे झुकले. मागे झाले. पुन्हा तेच, मला वाटलं, आता गाडी गेली ती गेलीच. झेंडूवालीनं हार मुठीत घट्ट धरला.

"साहेब," अण्णा शेवटी म्हणाले, "काय वाचू? खाली कायबी नाय. पाच खिळे हायेत नुसते." मग बोट दाखवून म्हणाले, "त्यातला चौथा वाकडा हाय."

सरांनी अक्षरं दाखवायची काठी हवेत उडवली. कपाळावरचा चष्मा खाली पडला, त्याची पर्वा न करता ते अण्णांना कडकडून भेटले आणि तसेच पळत फुटपाथवर गेले. "चौथा वाकडा!" ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. "अहो, चौथा वाकडा आहे!" रिक्षावाले थांबून बघत होते. अण्णा हसत होते, झेंडूवाली डोळे पुसत होती आणि मीही रडत होते, पण मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

सगळे बाहेर गेल्यावर मी फळ्याजवळ गेले. दीड वर्ष मी रोज सकाळी त्या पाच खिळ्यांवर पाट्या अडकवत होते. चौथा खरंच वाकडा होता.